पूर्व आशियाई लोकांत काचबिंदूचं ऑपरेशन जास्त फसतं का? (सासूबाई सिंगापूरच्या चिनी, वय ६८)

फसतं म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी ठरवा. आमच्या माहेरी याच मुद्द्यावरून अजून धुसफूस चालू आहे.

माझे सासरे जपानी, नागोयाचे. डोळ्याचं प्रेशर १६, तरी दर फील्ड टेस्टला, म्हणजे नजरेचा आवाका मोजायच्या तपासणीत, काळा भाग वाढलेला. थेंबांनी भागेना, म्हणून ट्रॅबेक्युलेक्टॉमी केली, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला नवी वाट करायचं ऑपरेशन. सांगलीत माझ्या थोरल्या भावाचं मेडिकल आहे. थेंबांच्या बाटल्या विकून तो स्वतःला डोळ्यांचा डॉक्टर समजायला लागलाय. फोनवर म्हणाला, "सोळावर कुणी चाकू लावतं का? लुटलं तुम्हाला!"

अरे दादा, जपानात ताजिमी शहरात २०००-०१ साली पाहणी झाली. चाळिशीपुढच्या ३.९ टक्के लोकांत ओपन अँगल काचबिंदू निघाला (अँगल म्हणजे डोळ्यातलं पाणी निचरायचा कोपरा, तो यात उघडाच असतो) आणि त्यातल्या ९२ टक्क्यांचं प्रेशर २१ किंवा त्याखालीच, म्हणजे नॉर्मलमध्येच होतं. अशा माणसाचं सोळाचं दहा-अकरावर आणायचं, एवढंच त्या ऑपरेशनचं काम.

सासऱ्यांची वरची पापणी उचलली की बुबुळाच्या वर पांढुरका फुगवटा दिसतो. डोळ्यातलं पाणी तिथे येऊन जिरतं. जखम भरताना ती वाट बुजू नये म्हणून ऑपरेशनच्या वेळीच मायटोमायसिन हे औषध लावतात. तरी त्यांचं प्रेशर चढलं, तेव्हा लेझरने एक टाका तोडला. आता ११ आहे. गेलेली नजर आली नाही, येणारही नव्हती. वाळलेली नस परत येत नाही. दादाचं आपलं एकच, "दिसत नाही ना जास्त? मग फसलंच."

तुमच्या सासूबाईंचा प्रकार कोणता ते विचारा. चिनी लोकांत अँगल बंद होणारा काचबिंदू बराच आढळतो. त्यात कित्येकदा डोळ्यातली लेन्स काढूनच काम भागतं, मोतीबिंदू नसला तरी. २०१६ साली आलेल्या ईगल चाचणीत ४१९ रुग्ण होते, सिंगापूर-हाँगकाँगचेसुद्धा. लेझरने बुबुळाच्या पडद्याला भोक पाडलेल्यांपेक्षा लेन्स काढलेल्यांचं बरं निघालं. पन्नाशीपुढच्यांची चाचणी होती ती. अशा लहान, अरुंद डोळ्यात ट्रॅबेक्युलेक्टॉमी केली तर पाणी मागे तुंबायची भीती जास्त, त्यामुळे सरळ तेच सांगितलं असेल तर कारण विचारा.

मी डॉक्टर नाही, सासऱ्यांबरोबर दवाखान्यात बसून शिकलेय. आणि हो, फुगवट्याचं ऑपरेशन झालंच, तर पुढे कितीही वर्षांनी डोळा लाल झाला, चिपडं आली, की त्याच दिवशी दाखवायचं. जपानमधल्या १०९८ डोळ्यांच्या अभ्यासात पाच वर्षांत २.२ टक्क्यांना तिथे जंतुसंसर्ग झाला होता.

घरात कुणी दुकानात बसून निकाल देत असेल, तर त्याच्यापुढे ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची फील्ड शेजारी-शेजारी ठेवा. आमच्या दादाने अजून बघायला मागितलेली नाहीत.