ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या 'प्लॅन टू' ऑनर्सला, म्हणजे निवडक विद्यार्थ्यांसाठीच्या खास पदवी अभ्यासक्रमाला, नुसत्या मार्कांवर प्रवेश मिळतो का? पहिलं वर्ष झेपतं का?

नुसत्या मार्कांवर नाही. विद्यापीठाच्या अर्जाशिवाय ऑनर्सचा अर्ज वेगळा असतो, त्यात निबंध असतो. माझ्या भाचीने पहिल्या खर्ड्यात पदकांची जंत्री दिली होती. मी ती खोडायला लावली. मग तिने आजीच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचताना पडलेल्या प्रश्नांवर लिहिलं, आणि पहिल्यांदाच त्यात ती दिसली.

'प्लॅन टू' 1935 पासून चालू आहे आणि तो स्वतःच बीएचा मुख्य विषय आहे. पहिल्या वर्षी जागतिक साहित्याचा वर्षभराचा कोर्स असतो. वर्ग छोटा, त्यामुळे न वाचता गेलात तर लपायला जागा नाही. शाळेत कायम पहिला येणाऱ्यालाही निबंध लाल शेऱ्यांनी भरून परत मिळतो. पोरं तिथेच खचतात, आणि मला त्याचंच फार वाटतं. शेरे घेऊन प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सला जा, अगदी पहिल्याच आठवड्यात. ती वेळ तुमच्यासाठीच राखलेली असते.

दुसऱ्या वर्षी तत्त्वज्ञान, शेवटी प्रबंध. त्याची काळजी आत्तापासून नको.