वाचकांचे प्रश्न : श्रेय दिले म्हणजे परवानगी मिळाली असे नाही

प्रश्न : मी गेली दोन वर्षे विणकाम शिकवणारे व्हिडिओ यूट्यूबवर टाकते. अलीकडच्या एका व्हिडिओत लोकर गुंडाळण्याच्या दृश्यामागे एका गाजलेल्या गाण्याचा २७ सेकंदांचा तुकडा वापरला. वर्णनात गायक, संगीतकार आणि कंपनी यांची नावे लिहिली, शिवाय ‘कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही’ अशी ओळही टाकली. तरीही क्लेम आला आणि त्या व्हिडिओचे उत्पन्न आता संगीत कंपनीकडे जाते. शिकवणे माझे, मेहनत माझी. २२ मिनिटांतला अर्ध्या मिनिटाहूनही कमी भाग त्यांचा. हा कुठला न्याय? आणि माझे चॅनेल बंद पडेल का?

उत्तर : आपल्या मनातली धास्ती आधी दूर करतो. एवढ्यावरून चॅनेल बंद पडणार नाही. क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे अनेक जण विनाकारण घाबरतात, तर काही जण घाबरायला हवे तिथे निर्धास्त राहतात. यूट्यूबने २००७ साली ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा आणली. हक्कधारक आपली ध्वनिमुद्रणे तिच्याकडे जमा करतात, ती प्रत्येक नव्या व्हिडिओचा आवाज त्यांच्याशी ताडून पाहते, आणि जुळणी सापडली की व्हिडिओ अडवायचा, त्यावरच्या जाहिरातींचे उत्पन्न घ्यायचे की नुसती आकडेवारी पाहायची, हे हक्कधारकाने आधीच ठरवून ठेवलेले असते. आपल्याकडे आलेला क्लेम तो हाच. स्ट्राइक मात्र हक्कधारकाने रीतसर कायदेशीर मागणी करून व्हिडिओ उतरवायला लावला की मिळतो. ९० दिवसांत असे तीन स्ट्राइक जमा झाले तर चॅनेल जाऊ शकते, आणि व्हिडिओ आपण होऊन डिलीट केल्याने मिळालेला स्ट्राइक पुसला जात नाही.

आता श्रेयाबद्दल. नावे लिहिणे हा सौजन्याचा भाग झाला. आपण चोरून वापरत नाही, एवढे त्यातून कळते. पण वापरण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. भंगाचा हेतू नसल्याच्या ओळीचेही तेच आहे, किंबहुना हे संगीत आपले नाही याची आपल्याला जाणीव होती, असा लेखी कबुलीजबाब ती देते. गाणे वेबवर सहज सापडते, शेकडो जणांनी ते वापरले आहे आणि त्यांना कुणी काही म्हटले नाही, यालाही परवानगी म्हणत नाहीत. हक्कधारकाने अजून हरकत घेतलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मुळात गाण्यावर एकाच वेळी दोन स्वतंत्र हक्क असतात, ही गोष्ट व्हिडिओ करणाऱ्यांना कुणी नीट सांगत नाही. एक हक्क रचनेवर, म्हणजे चाल आणि शब्द यांवर, आणि दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणावर. बहुतेक वेळा दोन्हींचे मालक वेगळे असतात. संगीत चित्राला जोडायचे तर रचनेच्या मालकाकडून ‘सिंक’ परवाना लागतो आणि मूळ ध्वनिमुद्रण वापरायचे असेल तर त्याच्या मालकाकडून ‘मास्टर’ परवाना. तेच गाणे आपण स्वतः गाऊन वापरले, तर दुसरा प्रश्न मिटतो, पहिला उरतोच.

सेकंदांच्या हिशेबाबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. दहा सेकंदांपर्यंत चालते, पंधरापर्यंत चालते, वेग थोडा वाढवला किंवा पट्टी बदलली की चालते, अशा समजुती तोंडोतोंडी पसरल्या आहेत. त्यांना कायद्याचा आधार नाही. न्यायालये वापराचा हेतू, घेतलेल्या भागाचे महत्त्व आणि मूळ कृतीच्या बाजारावर होणारा परिणाम अशा गोष्टी पाहतात. अमेरिकेत एका आईने २००७ साली आपले लहान मूल स्वयंपाकघरात गाण्यावर नाचत असल्याचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता. संगीत कंपनीने तो उतरवायला लावला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि व्हिडिओ काढण्याची मागणी करण्यापूर्वी तो ‘वाजवी वापर’, म्हणजे परवानगीशिवायही कायद्याला चालणारा वापर, ठरतो का याचा विचार हक्कधारकाने केलाच पाहिजे, असे अपील न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. पण तिथे घरात वाजत असलेले गाणे चित्रीकरणात आपसूक आले होते. आपण मात्र दृश्य सुंदर व्हावे म्हणून ते निवडले, कापले आणि बसवले. आपला व्हिडिओ शिकवणारा असला तरी त्यातून शिकवले जाते ते विणकाम. त्या गाण्याविषयी आपण काहीच सांगत नाही, म्हणून शिक्षणाची सबब इथे लंगडी पडते.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत माझी बरीच वर्षे गेली आहेत. अर्ध्या मिनिटाच्या बासरीसाठी वादकाला सबंध दुपार बसलेले मी पाहिले आहे : फुंकर जास्त ऐकू आली, पुन्हा, शेवटचा स्वर किंचित उतरला, पुन्हा, सगळे जमले तर खुर्ची करकरली, पुन्हा. २२ मिनिटांतला तो तुकडा आपल्याला लहान वाटतो, पण दृश्यात जीव यावा म्हणून आपण तोच निवडलात, यातच त्याची किंमत आली. तरीही एका तुकड्यापायी सगळे उत्पन्न जावे हे मलाही प्रमाणाला धरून वाटत नाही, आणि ही व्यवस्था सुधारायला हवी असे मी मनापासून म्हणतो. तोवर उपाय आपल्या हाती आहे. क्लेमच्या तपशिलात ४:१२ ते ४:३९ अशा पद्धतीने नेमका भाग दाखवलेला असतो. यूट्यूबच्याच एडिटरमध्ये तेवढा भाग कापता येतो, गाणे मिटवता येते किंवा त्यांच्या संग्रहातले दुसरे संगीत तिथे बसवता येते. ते झाले की क्लेम आपोआप उठतो आणि व्हिडिओ नव्याने टाकावा लागत नाही.

प्रश्न : मी पियानो शिकवतो. बाखची एक रचना स्वतः वाजवून व्हिडिओ टाकला, तर त्यावरही क्लेम आला. बाखला जाऊन अडीचशेहून अधिक वर्षे झाली. मी कुणाकडून परवानगी घ्यायची?

उत्तर : कुणाकडूनही नाही. बाखचे निधन १७५० साली झाले. त्याच्या रचनेवर आज कुणाचा हक्क नाही, आणि वादन आपले स्वतःचे आहे. एकच रचना अनेकांनी वाजवली की सूर-ताल इतके जुळतात की यंत्राची फसगत होते. २०१८ मध्ये ब्रिटिश पियानोवादक जेम्स ऱ्होड्स यांनी फेसबुकवर टाकलेल्या बाखच्या वादनातील ४७ सेकंदांवर सोनी म्युझिकच्या वतीने असाच हक्क सांगितला गेला होता. त्यावर जाहीर टीका झाली आणि अखेर तो मागे घेण्यात आला. आपण क्लेमला हरकत नोंदवा, त्यात रचनाकार, त्याचे मृत्युवर्ष आणि वादन स्वतःचे असल्याचे साध्या शब्दांत लिहा. क्लेम आल्यापासून पाच दिवसांच्या आत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचे उत्पन्न निकाल लागेपर्यंत राखून ठेवले जाते, म्हणून दिरंगाई करू नका. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. त्याने मौन पाळले तर क्लेम संपतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. बाखची रचना मुक्त असली तरी दुसऱ्या वादकाचे अलीकडचे ध्वनिमुद्रण मुक्त नसते, आणि जुन्या रचनेचे कुणी नव्याने केलेले वाद्यवृंद-रूपांतरही नसते.

प्रश्न : ‘रॉयल्टी-फ्री’ आणि ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ असे लिहिलेले संगीत बिनधास्त वापरावे का?

उत्तर : वापरावे, पण अटी वाचून. रॉयल्टी-फ्री म्हणजे फुकट नव्हे; एकदा परवाना घेतला की प्रत्येक वापरामागे पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत, एवढेच ते सांगते. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे निर्मात्याने काही अटींवर सर्वांना आधीच देऊन ठेवलेली परवानगी, आणि तिचे परवाने अनेक प्रकारचे आहेत. ‘बीवाय’ असेल तर श्रेय द्या आणि वापरा, इथे श्रेय ही खरोखरच परवानगीची अट असते. ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नाही; जाहिरातींचे उत्पन्न घेणाऱ्या चॅनेलने तिकडे जाऊच नये. ‘एनडी’ असेल तर बदल नाही, आणि संगीत चित्राशी जुळवून बसवणे हाही बदलच धरला जातो, त्यामुळे असे संगीत व्हिडिओखाली चालत नाही. हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. संगीत उतरवून घेतलेल्या दिवशीच परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट, पावती आणि तारीख एका फोल्डरमध्ये ठेवा. विकत घेतलेल्या संगीतावरही क्लेम येतात, आणि तेव्हा उपयोगी पडतो तो हाच कागद.

प्रश्न : रिल्सच्या संग्रहातले गाणे वापरून एका कंपनीच्या उत्पादनाची रिल करून देणार आहे. गाणे अ‍ॅपनेच दिले आहे, मग अडचण नसावी ना?

उत्तर : अडचण आहे, आणि ती मोठी आहे. अ‍ॅपने संगीत कंपन्यांशी केलेला करार सामान्य वापरकर्त्यांच्या वैयक्तिक व्हिडिओंपुरता असतो. जाहिरात त्यात बसत नाही. म्हणूनच व्यवसायांच्या खात्यांना बहुतेक ठिकाणी गाजलेल्या गाण्यांचा पूर्ण संग्रह दिसतच नाही. बँग एनर्जी या पेयाच्या कंपनीने टिकटॉकवरच्या प्रचार-व्हिडिओंत गाणी वापरली, तेव्हा युनिव्हर्सल आणि सोनी यांनी दावे लावले आणि फ्लोरिडातील न्यायालयाने २०२२ मध्ये कंपनीला हक्कभंगासाठी जबाबदार धरले. तीच रिल उतरवून दुसऱ्या व्यासपीठावर टाकली तर पहिल्या अ‍ॅपचा करार तिथे लागू होत नाही, हेही लक्षात घ्या. काम स्वीकारण्याआधी कंपनीला लेखी विचारा : संगीताचा परवाना कोण घेणार, कोणत्या व्यासपीठांसाठी आणि किती काळासाठी. उत्तर येईपर्यंत रिल गाण्याशिवाय संपादित करून ठेवा. संगीत शेवटी बसवता येते.