थडग्यावरचा हॅरी, जहाजावरचा हिर्श

प्रश्न : न्यूयॉर्कला गेलेल्या पूर्व युरोपीय ज्यू कुटुंबांचा अभ्यास करतो आहे. एका थडग्यावर इंग्रजीत ‘हॅरी’ आणि खाली हिब्रू मजकूर आहे. जहाजांच्या याद्यांत मात्र हा हॅरी सापडत नाही. एलिस बेटावरच्या (न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या तपासणीचं ठाणं) अधिकाऱ्यांनी नाव बदललं असेल का?

उत्तर : नाही. ही दंतकथा भारी चिवट आहे. प्रवाशांची यादी जहाज कंपनीची माणसं हॅम्बुर्ग, ब्रेमेनसारख्या बंदरांत, जहाज निघण्याआधीच भरत. एलिस बेटावरचा तपासनीस तीच यादी पुढ्यात ठेवून प्रश्न विचारी, आणि यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली) जाणणारे दुभाषे तिथे नोकरीला असत. नावं लोकांनी आपणहून बदलली, तीही बहुधा अमेरिकेत स्थिरावताना. तेव्हा यादीत ‘हॅरी’ शोधूच नका.

आधी दगड वाचा. ‘बेन’ म्हणजे ‘चा मुलगा’. त्याच्या आधी मृताचं नाव, नंतर वडिलांचं. हॅरीच्या जागी पुष्कळदा ‘त्झ्वी हिर्श’ ही जोडी निघते. दोन्हींचा अर्थ हरीण, पहिला शब्द हिब्रू, दुसरा यिद्दिश. यादीत शोधायचा तो हिर्श किंवा हर्श.

मृत्यूचं वर्ष ज्यू कालगणनेतलं आणि हिब्रू अक्षरांत असतं; प्रत्येक अक्षराची किंमत ठरलेली, आणि पाच हजारांचा आकडा बहुधा गाळलेला असतो. उदाहरणार्थ ‘ताव’ ४००, ‘रेश’ २००, ‘आयिन’ ७०, ‘हे’ ५, म्हणजे ६७५. त्यात १२४० मिळवा : १९१५. ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, म्हणून तिथपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या मृत्यूसाठी १२३९च मिळवायचे. झिजलेल्या दगडावर ‘हे’ (५) आणि ‘खेत’ (८) सारखेच दिसतात. तीन वर्षांची चूक इथेच होते.

मग नागरिकत्वाचे कागद. सप्टेंबर १९०६ पासून देशभर एकच नमुना आला. त्यात जन्मस्थळ, जहाजाचं नाव, उतरल्याची तारीख असते. त्याआधीच्या अर्जांत कधी नुसतं ‘रशिया’ एवढंच लिहिलेलं सापडतं, आणि तेव्हाच्या रशियात आजचा लिथुआनिया, युक्रेन, पोलंडचा मोठा भाग सगळंच आलं. पत्नीची स्वतंत्र फाइल शोधण्यात दिवस घालवू नका : १९२२ पर्यंत तिला नागरिकत्व नवऱ्याबरोबरच मिळे.

जहाज आणि तारीख हाती आली की यादी पानोपान चाळा, नुसत्या नावाच्या शोधावर विसंबू नका. रशियन लिपीत ‘ह’ नाही, त्यामुळे हिर्शचा ‘गिर्श’ झालेला असू शकतो. नावाशेजारी नंतर खरडलेले आकडे दिसले तर ते नीट उतरवून घ्या. नागरिकत्वाच्या अर्जासाठी पुढे आगमनाची पडताळणी झाली की कारकून ते आकडे तिथे लिहीत.