ऑटिझम असलेल्या मुलाच्या स्पीच थेरपी आणि ओटीचा (ऑक्युपेशनल थेरपीचा) खर्च विम्यातून मिळतो का?

मिळतो, पण नेहमीच्या मेडिक्लेममधून क्वचितच. तिथे साधारणपणे २४ तास अ‍ॅडमिट असल्याशिवाय दावा बसत नाही आणि थेरपी तर तासाभराची. म्हणून आधी पॉलिसीत ओपीडी कव्हर (अ‍ॅडमिट न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च) आहे का ते बघा.

खरा आधार नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेचा. वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण, त्यात ओपीडी आणि थेरपीही येतात (थेरपीला वेगळी मर्यादा असते, पूर्ण लाख नव्हे). विमा देण्याआधी वैद्यकीय तपासण्या होत नाहीत. अर्जाला अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. त्यावर ‘ऑटिझम’ स्पष्ट लिहिलेलं हवं, नुसतं ‘विकासात विलंब’ चालत नाही. सोबत आधार आणि बँक पासबुक. अर्ज ऑनलाइन किंवा ट्रस्टकडे नोंदणीकृत असलेल्या जवळच्या संस्थेमार्फत.

पैसे आधी तुम्ही भरायचे, परतावा नंतर. दावे अडकतात ते बिलांपायी. ‘१० सेशन, एकूण रक्कम’ अशी चिठ्ठी घेऊ नका. प्रत्येक सेशनची तारीख, दर, थेरपिस्टची सही आणि नोंदणी क्रमांक मागा (स्पीचसाठी आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा). डॉक्टरांचं थेरपी लिहून दिलेलं पत्रही जोडा. आणि निरामयचं नूतनीकरण ३१ मार्चच्या आत!

खासगी कंपनीने नाकारलं तर कारण लेखी घ्या. कंपनीकडे केलेल्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकीलही लागत नाही.