रीमॅपनंतर क्लच घसरतो, कोणता बसवू?

प्रश्न: माझ्या २.० लिटर टर्बो डिझेल सेडानचा टॉर्क ३२० न्यूटन-मीटर होता, रीमॅपनंतर (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलल्यावर) ४०० झाला. आता पाचव्या गिअरमध्ये २,००० आरपीएमला ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा चढतो, गाडी मात्र तिथेच. रोज पुण्याच्या ट्रॅफिकमधून जातो. सिरॅमिक क्लच टाकू का?

उत्तर: नको. सिरॅमिक प्लेट पकडते घट्ट, पण एकदम. हाफ क्लच तिला जमत नाही. सिग्नलच्या रांगेत गाडी हिसके देत निघेल. तुम्हाला हवी ऑरगॅनिक अस्तराची (कंपनीच्या क्लचसारख्या मऊ पकडीची) पूर्ण गोल, स्प्रिंगवाली प्लेट आणि तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी, जास्त दाबाची प्रेशर प्लेट. क्षमता इंजिनच्या टॉर्कपेक्षा २० ते २५ टक्के जास्त, म्हणजे ४८० ते ५०० न्यूटन-मीटर पुरे. त्याहून जड घेतलात तर डावा पाय बोंबलेल.

गिअरबॉक्स उतरला की आधी क्रँकचं मागचं ऑइल सील बघा. ते गळत असेल तर नवा क्लचही घसरणारच. ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे धक्के शोषणारं, मध्ये स्प्रिंग असलेलं दोन भागांचं चाक) हाताने हलवून पाहा. दोन भागांमधला ढिलेपणा कंपनीच्या मर्यादेपलीकडे असेल तर बदला. एकसंध सिंगल मास फ्लायव्हील टिकाऊ खरं, पण न्यूट्रलला गिअरबॉक्स खडखडतो. रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच घ्या. स्प्लाइनला (गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या, प्लेट सरकते त्या खाचांना) ग्रीस अगदी पुसटसं. जास्तीचं उडून अस्तरावर बसतं.

पुढचे ८०० किलोमीटर शहरात, पूर्ण ॲक्सिलरेटर न दाबता. हायवेवरचे किलोमीटर यात धरू नका. क्लच दाबला-सोडला तरच अस्तर घासून बसतं.