लिस्बनची आठवण येते, होते, की लिस्बन आठवतं?

म्हापशाहून एका वाचक ताईंनी विचारलं आहे. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, दारात येतो, सायकलवरच्या टोपलीचं प्लास्टिक बाजूला सारतो, आणि गरम पोयांचा, म्हणजे गोव्यातल्या पावांचा, वास आला की सहलीत पाहिलेली लिस्बनची बेकरी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. त्यांनी लिहिलं, 'मला लिस्बनची आठवण येते.' आई म्हणाल्या, 'आठवण माणसांची येते, गावं आठवतात.' कोणाचं बरोबर?

दोन्ही प्रयोग शुद्ध आहेत, पण त्यांचा अर्थ एक नाही. होकारार्थी वाक्यात हा फरक झाकला जातो, म्हणून नकार घालून बघा. 'मला लिस्बन आठवत नाही' म्हणजे विसरले. 'मला लिस्बनची आठवण येत नाही' म्हणजे विसरले नाही, पण जीव तिकडे ओढ घेत नाही. 'आठवण येणे' यात उणीव आहे, जवळ नसल्याची हुरहुर आहे. आईंना नेमकं हेच खटकलं. त्यांचा नियम मात्र जरा अपुरा आहे. सासरी गेलेल्या मुलीला माहेरची आठवण येते, दुबईत नोकरी करणाऱ्याला गावची येते. माणूस की गाव हा प्रश्नच नाही, जीव किती गुंतलाय हे महत्त्वाचं.

'आठवणे'ची चाल मला फार आवडते. जे आठवतं तेच वाक्याचा कर्ता होतं आणि क्रियापद त्याच्यामागून चालतं: अल्फामा या जुन्या वस्तीतून जाणारी २८ नंबरची ट्राम आठवते, चढ आठवतो, पायाखालचे पांढरे-काळे गुळगुळीत दगड आठवतात. आठवणारी व्यक्ती 'मला' म्हणून बाजूला उभी. म्हणून वाचकाला ते गाव दाखवायचं असेल तर हेच क्रियापद घ्यावं. 'ची आठवण येते' म्हटलं की गाव मागे जातं आणि आपलं मन पुढे येतं.

तिसरा प्रयोग ताईंच्या प्रश्नात नाही, पण त्यांच्या प्रसंगाला तोच सगळ्यात जवळचा आहे: 'आठवण होणे'. काहीतरी निमित्त घडतं आणि एकदम लक्षात येतं. 'कपाट उघडलं तेव्हा आठवण झाली.' नकार घाला: 'चावी घ्यायची आठवणच झाली नाही', म्हणजे वेळेवर सुचलं नाही. आणि 'चावी' म्हटलं की पोर्तुगीज आलीच. पाव, चावी, बटाटा, अननस हे आपल्या घरातले शब्द तिकडूनच आले. लिस्बनच्या बाजारात 'बताता', 'अनानाश' कानावर पडले की मराठी माणसाला घराची आठवण होते, आणि परतल्यावर इथे भाजी चिरताना लिस्बनची. शब्दानेच निमित्त पुरवावं, हे मला विलक्षण वाटतं.

'वास मला लिस्बनची आठवण करून देतो' असंही हल्ली वाचायला मिळतं. मी ते टाळेन. 'उद्या मला आठवण करून दे' असं आपण माणसाला सांगतो. वासाला, आवाजाला हे काम न देता मराठी सरळ 'वास आला की' म्हणते. 'आठवण काढणे' तर ठरवून होतं, उचकी लागली की 'कोणीतरी आठवण काढली' म्हणतो ना, तसं. पोयांचा वास ठरवायला वेळच देत नाही.

तेव्हा 'पोयांचा वास आला की लिस्बनची आठवण होते' असं लिहावं, आणि वाचकाला बेकरीच दाखवायची असेल तर 'लिस्बनची ती बेकरी आठवते' असं. परत जावंसं वाटत असेल तर 'आठवण येते' तसंच राहू द्या, आईंनाही ते पटेल.

जाता जाता लिंगाचं. परगावच्या नावांना आपण मनातल्या मनात 'शहर' जोडतो, म्हणून लिस्बन, लंडन, रोम आठवतं. मुंबई, दिल्ली मात्र आठवते. सिडनीच्या बाबतीत दोन्ही ऐकू येतं. शेवटच्या ईकारामुळे माझा कान 'आठवते'कडे झुकतो.