तुरटीचा गाळ ताजाच वापरा

रंगाचा लेक (विरघळणारा रंग ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडवर बसवून केलेलं न विरघळणारं रंगद्रव्य) करायला तुरटीपासून या हायड्रॉक्साइडचा गाळ काढताय, तर आधी पाणी बदला. सोलापुरातलं बोअरचं जड पाणी इथे चालत नाही. गाळ पाडायला सोडा वापरला तर त्यातलं कॅल्शियमही खाली बसतं आणि तो खडू तुम्हाला गाळच वाटतो. डिस्टिल्ड घ्या.

10 ग्रॅम पोटॅश तुरटी 200 मिली कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा. पातळ अमोनिया थेंबाथेंबाने, ढवळत घाला आणि पीएच 7 च्या आसपास आला की थांबा. कॉस्टिक सोडा नकोच, जरा जास्त पडला की गाळ अल्युमिनेट होऊन परत विरघळतो. हिशेबाने कोरडं हायड्रॉक्साइड जेमतेम 1.6 ग्रॅम, पण ओला गाळ, म्हणजे जेल, भांडंभर दिसतो. बाकी सगळं पाणीच.

खरी गंमत पुढे. ताजं जेल अस्फटिक, म्हणजे कणांची ठरावीक रचना नसलेलं असतं, म्हणून रंग धरतं. ठेवलं की कण जुळून स्फटिक होतात: गार, अल्कलीयुक्त पाण्यात बहुधा बायेराइट नावाचे, उकळत ठेवलं तर बोहमाइट नावाच्या खनिजासारखे. पृष्ठभाग घटतो, रंग नीट बसत नाही. उष्णता आणि उरलेली अल्कली दोन्ही हा बदल घाईने घडवतात, तेव्हा मे महिन्यात बरणी पत्र्याखाली नको. सल्फेट उलट त्याला रोखून धरतं. धुताना ते निघून जातं, म्हणून धुऊन ठेवून देऊ नका, धुतलं की लगेच वापरा.

शंका आली तर चमचाभर जेलवर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड घाला. ताजं चटकन नितळ होतं, मुरलेलं बराच वेळ गढूळ राहतं. फसफसलं तर कार्बोनेट आहे. वाळलेल्या जेलचे शिंगासारखे कडक तुकडे होतात, ते भिजवून पूर्ववत होत नाहीत.